अनेक वर्षे उभी असलेली, मॉडिफाय केलेली जुनी स्पोर्ट्स कार कशी विकत घ्यावी

जुनी स्पोर्ट्स कार घेणे हा एक व्यवहार आहे, मॉडिफाय केलेली गाडी घेणे हा दुसरा आणि अनेक वर्षे जागेवरून न हललेली गाडी घेणे हा तिसरा. हे तिन्ही एकाच गाडीत एकत्र आले की त्यांतले दोष एकमेकांना झाकू लागतात. इंजिन निळा धूर सोडत असेल, तर तो उभे राहून पिस्टन रिंगा चिकटल्यामुळे आहे, टर्बोचे (इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याचे) सील सुकल्यामुळे आहे, की गाडी उभी करण्याच्या आधीच कोणीतरी तिच्याकडून झेपेल त्यापेक्षा अधिक काम करून घेतल्यामुळे आहे, हे पहिल्या तासाभरात कोणीच सांगू शकत नाही. अशा खरेदीतून मी स्वतः गेलो आहे. ज्या क्रमाने पाहणी केल्यास कमीत कमी पैसे अडकतात तो क्रम खाली दिला आहे. नवख्या माणसाने शक्यतो तो बदलू नये.

१. गाडी का उभी केली, हे सर्वांत आधी विचारा

चालती, धडधाकट गाडी कोणी सहसा वर्षानुवर्षे उभी करत नाही. मालक परगावी गेला, आजारी पडला, घरात मूल आले, ही कारणे खरी असू शकतात. तरीही मॉडिफाय केलेल्या गाड्यांच्या बाबतीत फार वेळा एखादा भाग निकामी होतो, दुरुस्तीचा खर्च ऐकून मालक काम पुढे ढकलतो आणि मग ते काम राहते ते राहतेच. म्हणून फोनवरच तीन प्रश्न विचारा: शेवटची कधी चालवली, त्या दिवशी तिला काय झाले होते, आणि त्यानंतर तिच्यावर कोणी काय काम केले? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा सर्वांत उपयोगी ठरते, कारण अर्धवट उघडलेले इंजिन, काढून ठेवलेली इंजेक्टरची रांग किंवा डब्यात भरलेले नट-बोल्ट यांचा उल्लेख तिथेच होतो.

ती कशी उभी केली, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. कोरड्या, बंद जागेत, टायरवरचा भार काढून आणि बॅटरी सोडवून ठेवलेली गाडी आणि ओल्या जमिनीवर प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली उभी असलेली गाडी, या दोघींची वर्षे सारखी मोजू नयेत. प्लॅस्टिकखाली दमट हवा कोंडते आणि गंज आतल्या आत वाढतो. उघड्यावर, पण हवेशीर छपराखाली उभी असलेली गाडी त्यापेक्षा बरी निघते.

फोन ठेवण्याआधी आणखी एक विनंती जरूर करा: मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. ‘नुसती बॅटरी टाकली की चालू होते’ हे दाखवण्याचा मोह विक्रेत्याला होतो, आणि जुने पेट्रोल, कोरडे सिलिंडर व कडक झालेला टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची वेळ जुळवणारा रबरी पट्टा) अशा अवस्थेत मारलेला एकच स्टार्टर इंजिनाचे कायमचे नुकसान करू शकतो. ते नुकसान मग तुम्ही विकत घेता.

२. कागदपत्रे यंत्रापेक्षा आधी

कागद नीट नसतील तर पुढची पाहणी करण्यात अर्थ नाही. पुढील गोष्टी मागा:

- विक्रेत्याच्या स्वतःच्या नावावरचे नोंदणी प्रमाणपत्र, आणि नोंदणी खंडित किंवा स्थगित असल्यास ती पुन्हा कशी सुरू होते याची नोंदणी कार्यालयाकडून मिळालेली लेखी माहिती
- गाडीवर कर्जाचा बोजा किंवा थकीत कर नसल्याचा पुरावा
- गाडी परदेशातून आणलेली असल्यास आयातीचे आणि सीमाशुल्क भरल्याचे कागद
- सर्व्हिस पुस्तिका आणि जुने तपासणी अहवाल, म्हणजे किलोमीटरच्या नोंदी एकमेकींशी जुळवून पाहता येतील
- प्रत्येक बदलाच्या पावत्या
- सर्व किल्ल्या, चाकांच्या कुलूप-नटाची चावी आणि नंतर बसवलेल्या अलार्मचा रिमोट

शेवटची ओळ किरकोळ समजू नका. अलार्म किंवा इमोबिलायझर नंतर बसवलेला असेल आणि त्याचा रिमोट हरवला असेल, तर धडधाकट इंजिनही सुरू होत नाही, आणि तो शोधून काढण्यासाठी डॅशबोर्डमागची कापाकापी करावी लागते.

त्यानंतर चॅसिस क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी पाहा आणि तो कागदांशी अक्षरशः ताडून पाहा. १९८१ नंतरच्या बहुतेक अमेरिकी आणि युरोपीय गाड्यांवर हा क्रमांक १७ वर्णांचा असतो आणि त्यात इंग्रजीतली आय, ओ व क्यू ही अक्षरे येत नाहीत. जपानच्या देशांतर्गत बाजारासाठी बनलेल्या गाड्यांचा क्रमांक आखूड असतो, पण त्याची सुरुवातच पुष्कळ काही सांगते. निस्सान स्कायलाइनच्या आर३२ पिढीत अस्सल जीटी-आरचा क्रमांक ‘बीएनआर३२’ने सुरू होतो, ‘एचसीआर३२’ने सुरू होत असेल तर ती मुळात मागच्या चाकांवर चालणारी जीटीएस मालिकेतली गाडी आहे, तिच्यावर जीटी-आरचे बंपर आणि बिल्ले कितीही नीट बसवलेले असोत. अशी गाडी घेणे गैर नाही. तिची किंमत जीटी-आरच्या हिशेबाने देणे गैर आहे.

इंजिन बदललेले असल्यास इंजिन क्रमांक नोंदणीत बदलून घेतला आहे का, हे तपासा. घेतला नसेल, तर ते काम पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याकडूनच पूर्ण करून घ्या.

३. बदलांची यादी करा आणि प्रत्येकापुढे तीन रकाने आखा

कागदावर गाडीतला प्रत्येक बदल लिहा आणि त्यापुढे तीन गोष्टी नोंदवा: भाग कोणाचा, बसवला कोणी, आणि त्यासोबत जे बदलायला हवे होते ते बदलले का. तिसऱ्या रकान्यात खरी गंमत आहे. टर्बोचा दाब वाढवला, पण इंधन पंप आणि इंजेक्टर मूळचेच ठेवले. ताकद वाढवली, पण ब्रेक आणि क्लच मूळचेच राहिले. गाडी खाली बसवली, पण अलाइनमेंटचा एकही अहवाल नाही. असे अर्धे बदल न केलेल्या बदलांपेक्षा धोकादायक असतात. टर्बो इंजिनाला पूर्ण भारावर जास्त इंधनाचे मिश्रण लागते, म्हणजे पेट्रोलसाठी १४.७ भाग हवेला एक भाग इंधन या आदर्श प्रमाणाऐवजी साधारण ११ ते १२ भाग हवेला एक भाग इंधन. इंजेक्टर अपुरे पडले की मिश्रण पातळ होते, तापमान वाढते, इंजिन ठोकू लागते आणि पिस्टन फुटतात.

इंजिनाचा ईसीयू (इंधन आणि ठिणगी सांभाळणारा संगणक) बदललेला असल्यास त्याची चौकशी वेगळी आणि बारकाईने करा. कोणत्या कंपनीचा आहे, त्याचे सॉफ्टवेअर आजच्या लॅपटॉपवर चालते का, ट्यूनरने मॅपला (ईसीयूत भरलेल्या इंधन-ठिणगीच्या आकड्यांना) पासवर्ड लावला आहे का, मॅपची फाइल कोणाकडे आहे आणि ती कोणत्या ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी बनवली होती? पासवर्ड लावलेला मॅप आणि ठावठिकाणा नसलेला ट्यूनर ही जोडी समोर आली, तर नवीन ट्यूनिंगचा, वेळप्रसंगी नव्या ईसीयूचाच खर्च गृहीत धरा. गाडी ई८५ इंधनावर (८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेल्या) ट्यून केलेली असेल, तर तिच्यात साधे पेट्रोल भरून चालवून पाहणे धोक्याचे आहे.

डायनोचा (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) कागद दाखवला गेला तर तो जरूर पाहा, पण त्यावरची तारीख आणि आकडा चाकांवरचा आहे की इंजिनाचा, हे आधी वाचा. उभी राहण्यापूर्वीच्या शेवटच्या ट्यूनिंगनंतरचा तो कागद नसेल, तर आजच्या गाडीबद्दल तो काहीच सांगत नाही.

काढलेले मूळ भाग हा या यादीचा शेवटचा आणि बहुतेकांकडून विसरला जाणारा भाग आहे. मूळ ईसीयू, एक्झॉस्ट, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, स्टीअरिंग, सीट आणि चाके गाडीसोबतच मागून घ्या. प्रदूषण चाचणीच्या वेळी आणि पुढे गाडी विकताना त्यांची किंमत कळते. बंद झालेल्या मॉडेलचे हे भाग नंतर शोधत बसणे म्हणजे दुसरी गाडी हुडकण्याइतकेच काम असते.

४. पाहणीला जाताना सोबत काय घ्यावे

विजेरी, कापडात गुंडाळलेले लहान चुंबक, रंगाची जाडी मोजणारे उपकरण, स्पार्क प्लगच्या भोकातून आत जाणारा एंडोस्कोप (बारीक कॅमेरा), मल्टिमीटर, कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारे), जॅक आणि त्याचे भक्कम स्टँड, प्लगचा पाना, हातमोजे आणि मास्क. मास्क उंदरांसाठी आहे. उंदरांच्या वाळलेल्या लेंड्या झाडताना उडणारी धूळ आजार देऊ शकते, आणि उभ्या गाडीत उंदीर न शिरल्याचे उदाहरण विरळा. १९९६ पूर्वीच्या गाडीत ओबीडी-२ची (स्कॅनर जोडून दोष वाचण्याची) सोय बहुधा नसते, त्यामुळे स्कॅनरवर विसंबून जाऊ नका.

५. पत्रा आणि सांगाडा

यंत्र दुरुस्त होते किंवा बदलता तरी येते. सडलेला सांगाडा मात्र बहुतेक वेळा गाडीच्या किमतीहून महाग पडतो. म्हणून इंजिनाकडे पाहण्याआधी गाडीखाली शिरा. जॅक फक्त पाहणीपुरता वापरावा आणि स्टँड लावल्याशिवाय अंगाचा कोणताही भाग गाडीखाली घालू नये.

दाराखालचे सिल, जॅक लावण्याच्या जागा, सस्पेन्शन पत्र्याला जिथे बसते ते बिंदू, बॅटरीची बैठक, स्टेपनीचा खड्डा आणि पुढच्या काचेखालची पन्हळ ही गंजाची नेहमीची ठिकाणे आहेत. बॉडी किट असेल तर संशय दुप्पट करा. फायबरचे सिल बसवताना मूळ पत्र्याला भोके पाडून रिव्हेट मारलेले असतात आणि त्या भोकांतून पाणी वर्षानुवर्षे झिरपते. चाकांच्या कमानी रुंद केलेल्या असतील, तर कापलेल्या पत्र्याची आतली कड नीट वेल्ड करून सील केली आहे का, हे चाक काढून पाहा. खालून नुकताच मारलेला काळा, चकचकीत थर दिसला, तर विक्रेत्याकडे त्याच्या आधीचे फोटो मागा.

जिथे चुंबक सैल धरते तिथे पुट्टी जाड असते. रंगाच्या जाडीचे उपकरण याहून नेमके सांगते: कारखान्यातला रंग बहुधा १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो, आणि एखाद्या दारावर तो आकडा अचानक ५०० किंवा १०००च्या घरात गेला, तर तिथे पत्रा ठोकून भरलेला आहे. १९९० साली आलेल्या होंडा एनएसएक्ससारख्या ॲल्युमिनियमच्या गाडीवर चुंबक निरुपयोगी ठरते; तिथे ॲल्युमिनियमवरही चालणारे उपकरण हवे.

काही मॉडेलांची दुखणी प्रसिद्ध आहेत आणि जास्तीची ताकद ती आणखी वाढवते. बीएमडब्ल्यूच्या ई३६ आणि ई४६ पिढीच्या एम३ गाड्यांत मागचा सबफ्रेम (सस्पेन्शन धरणारी चौकट) जिथे पत्र्याला बसतो तिथे तडे जातात. जी गाडी घेणार तिच्या अशा जागा जाण्यापूर्वीच वाचून घ्या, आणि पाहणीत नेमक्या त्या जागांना अधिक वेळ द्या.

६. इंजिन सुरू न करता इंजिन पाहणे

स्टार्टरला हात न लावता खूप काही कळते. तेलाची कांडी, रेडिएटरचे झाकण आणि पेट्रोलच्या टाकीचे झाकण उघडा. तेलात दुधाळ छटा म्हणजे पाणी मिसळले आहे. नुसत्या दमटपणामुळे झाकणाखाली थोडी साय धरू शकते, पण कांडीवरही तीच दिसली तर हेड गॅसकेटचा संशय घ्या. कूलंट तांबूस, गढूळ असेल तर गंजरोधक द्रव्ये कधीच संपलेली असून ॲल्युमिनियमचे हेड आतून खाल्ले गेले असण्याची शक्यता असते. टाकीतून वार्निशसारखा आंबट वास आला, तर पेट्रोलमधले हलके अंश उडून मागे चिकट राळ उरली आहे. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतले पाणी शोषते, ते पाणी पुढे इथेनॉलसह वेगळे होऊन तळाशी बसते आणि टाकी व पंप आतून गंजतात.

आता स्पार्क प्लग काढा, एंडोस्कोप आत सोडा आणि सिलिंडरच्या भिंती पाहा. हलका तपकिरी थर निघू शकतो. खोल खड्डे पडले असतील तर इंजिन उघडावेच लागते. भिंती बऱ्या दिसल्या, तर विक्रेत्याच्या परवानगीने प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर स्वच्छ इंजिन तेल सोडा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा आणि क्रँकच्या पुलीच्या बोल्टवर पाना लावून इंजिन हाताने, त्याच्या नेहमीच्याच दिशेने, सावकाश फिरवा. अडकले तर जोर लावू नका. जाम इंजिन हा व्यवहार मोडण्याचा मुद्दा असलाच पाहिजे असे नाही, पण त्यानंतर किंमत ठरवताना इंजिन नाहीच, असे धरून बोला.

टायमिंग बेल्ट किती किलोमीटर चालला, हे उभ्या गाडीत दुय्यम आहे. तो किती वर्षांचा आहे, ते पाहा. रबर एकाच वळणात वर्षानुवर्षे राहून कडक होते. पोर्शे ९४४सारख्या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात, म्हणून अशा गाडीत बेल्ट, टेन्शनर आणि पाण्याचा पंप बदलल्याशिवाय इंजिन सुरूच करू नये, असे माझे ठाम मत आहे. माझदा आरएक्स-७मध्ये बेल्टचा प्रश्न नाही, कारण तिच्या रोटरी इंजिनात पिस्टनच नाहीत, त्यांच्या जागी त्रिकोणी रोटर फिरतात. पण तिच्या प्रत्येक रोटरला तीन बाजू असतात आणि साधे कॉम्प्रेशन गेज त्यांतला सर्वांत मोठा आकडाच धरून ठेवते. एक सील निकामी असले तरी गेज सुरेख आकडा दाखवते. रोटरी इंजिनासाठी तिन्ही बाजू वेगवेगळ्या दाखवणारे खास उपकरण असलेलाच माणूस न्या.

टर्बोचा पाइप सोडवून त्याचा दांडा बोटांनी हलवा. आडवी किंचित हालचाल चालते; आत-बाहेर सरकणे किंवा पात्यांनी घराला घासलेल्या खुणा चालत नाहीत.

पोलादी जाळीच्या इंधन नळ्या हा मॉडिफाय केलेल्या गाड्यांतला खास सापळा आहे. बाहेरून त्या नव्यासारख्या चमकतात, पण अनेकांच्या आत रबरच असते आणि ते जाळीखाली तडकते. अशा नळीचे वय पावतीवरून कळत नसेल, तर ती बदलायच्या यादीत टाका.

७. किंमत ठरवणे आणि गाडी हलवणे

‘गाडीवर आजवर इतका खर्च केलाय’ हे वाक्य तुम्हाला नक्की ऐकू येईल. तो खर्च विक्रेत्याच्या हौशीचा होता. तुम्ही चालत्या स्थितीतल्या तशाच गाडीची किंमत धरा, त्यातून तुमच्या यादीतल्या कामांचा मेकॅनिककडून लेखी घेतलेला अंदाज वजा करा, आणि त्या अंदाजाच्या निदान एक तृतीयांश रक्कम न दिसलेल्या दोषांसाठी आणखी वजा करा. टायर, सर्व द्रव पदार्थ, बॅटरी, बेल्ट, रबरी नळ्या आणि ब्रेकची पूर्ण दुरुस्ती ही कामे गाडी कितीही चांगली दिसली तरी वजावटीत येतातच. विक्रेता यावर चिडला, तर शांतपणे निरोप घ्या. अशा गाड्यांचे ग्राहक थोडे असतात आणि त्याचा फोन पुन्हा येण्याची शक्यता असते.

गाडी चालवत नेऊ नका. सपाट ट्रेलर मागवा आणि गाडी किती खाली बसवलेली आहे, चाके फिरतात का, हे वाहतूकदाराला आधी सांगा. नाहीतर पुढचा बंपर उतारावरच राहतो. हँडब्रेक चिकटलेला असल्यास चाकांखाली सरकत्या ट्रॉली लागतात.

८. पहिल्यांदा सुरू करताना

जुने पेट्रोल पूर्ण काढा, टाकी आतून पाहा, इंधन फिल्टर बदला आणि इंजेक्टर स्वच्छ करायला द्या. नवे तेल, नवा तेल फिल्टर, नवे कूलंट, नवी बॅटरी. इंजिन आतून धुणारी रसायने टाळावीत. सुटलेला गाळ तेलाच्या बारीक वाटांत अडकतो. एअर फिल्टरचा डबा आणि एक्झॉस्टचे टोक उघडून उंदरांची घरटी काढा आणि वायरिंगचा कुरतडलेला भाग शोधा.

मग प्लग काढलेले असताना, इंधन आणि ठिणगी दोन्ही बंद ठेवून, तेलाचा दाब दिसेपर्यंत थोडा थोडा स्टार्टर मारा. त्यानंतर प्लग बसवून फक्त किल्ली चालू करा, पंपाला दाब भरू द्या आणि प्रत्येक जोड कोरडा आहे का ते पाहा. अग्निशामक हाताशी ठेवूनच, मोकळ्या हवेत, शेवटी इंजिन सुरू करा. सुरुवातीचा थोडा धूर सिलिंडरमधल्या तेलाचा असतो. तो इंजिन पूर्ण तापल्यावरही टिकला, किंवा तेलाचा दाब नीट आला नाही, तर लगेच बंद करा. कॉम्प्रेशनची खरी चाचणी इंजिन तापल्यानंतरची: सिलिंडरांमधला फरक १० ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा.

९. रस्त्यावर आणण्यापूर्वी

टायरच्या बाजूवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील, तर तो टायर २००० सालापूर्वीचा आहे. नक्षी कितीही खोल असली तरी दहा वर्षांहून जुना टायर काढून टाका.

ब्रेक ऑइल पाणी शोषते. ताज्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी शोषलेल्याची किमान मर्यादा १५५ आहे आणि वर्षानुवर्षे पडून राहिलेले ऑइल त्याहूनही खाली जाऊ शकते. डॉट ५ हे सिलिकॉनचे आणि डॉट ५.१ हे ग्लायकॉलचे असते. नावे शेजारची असली तरी ती एकत्र करू नका, आणि आधीच्या मालकाने यातले काय भरले होते हे माहीत नसेल, तर पूर्ण व्यवस्था धुऊन, सील बदलून घ्या. कॅलिपर (ब्रेकचे पॅड दाबणारे भाग) चिकटलेले असतात आणि लवचिक नळ्या आतून सुजलेल्या असतात, म्हणून पेडल घट्ट लागले तरी समाधान मानू नका. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटली असल्यास ती गाडीला धक्के देऊन सोडवण्याचे उपाय सांगितले जातात. मी गिअरबॉक्स उतरवण्याच्या बाजूचा आहे.

नंतर अलाइनमेंट, मग पहिली दोन-तीनशे किलोमीटर टर्बोचा दाब कमीत कमी ठेवून चालवणे, पुन्हा तेल बदलणे, चाकांचे आणि सस्पेन्शनचे बोल्ट पुन्हा आवळणे, आणि त्यानंतरच ट्यूनरकडे मिश्रणाची तपासणी. विमा घेताना इंजिन, सस्पेन्शन, रोल केज, सीट असा प्रत्येक बदल लेखी जाहीर करा आणि गाडीची किंमत कंपनीशी आधी ठरवून पॉलिसीत नोंदवून घ्या. न सांगितलेला एक बदल संपूर्ण दावा नाकारायला पुरेसा ठरू शकतो.